डावीकडचा आवाज, उजवीकडचा आवाज

गाडीच्या पुढून एक नाही, दोन वेगवेगळे आवाज येतायत हे समजायलाच मला सहा महिने लागले. गाडी मारुती ८००, २००५ सालची, अण्णांच्या नावावर. अण्णा म्हणजे माझे वडील. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झाल्यावर मिळालेल्या पैशांतून त्यांनी घेतलेली ही त्यांची पहिली आणि एकुलती गाडी. आता त्यांची नजर अधू झालीय, म्हणून ती मी चालवते. चिपळूणहून कुंभार्ली घाट चढून कराडला बहिणीकडे, महिन्यातून दोनदा तरी.

खड्ड्यात चाक गेलं की ‘धप्प’ असा पोकळ आवाज यायचा, जणू मध्ये काही उरलंच नाही आणि लोखंडावर लोखंड आपटतंय. आणि आमच्या आळीच्या वळणावर, अगदी हळू, स्टिअरिंग पूर्ण कापलं की ‘टण्ण’ व्हायचं. एका गॅरेजमध्ये दाखवली. त्यांनी गाडी न उचलता, एक फेरी मारून सांगितलं, “पुढचे दोन्ही शॉकअप गेलेत, टाकून घ्या.” शॉकअप म्हणजे धक्क्यानंतरचं गाडीचं हेलकावणं थांबवणारा भाग. कदाचित बरोबरही असेल. पण माझ्या मनात एकच प्रश्न घोळत राहिला, की शॉकअप गेला तर स्टिअरिंग वळवताना, गाडी जवळजवळ उभी असताना आवाज का येतो?

घरी आल्यावर अण्णा म्हणाले, “बोनेटच्या कोपऱ्यावर जोर दे आणि सोड.” उजव्या कोपऱ्यावर दाबलं, गाडी खाली गेली, वर आली आणि थांबली. डाव्या कोपऱ्यावर दाबलं तर वर आली, पुन्हा खाली गेली, पुन्हा वर आली. डावा टायर हात फिरवून पाहिला. त्याच्या नक्षीवर ठरावीक अंतराने खोलगट झिजलेले तुकडे होते, बोटाला लाटांसारखे लागणारे. चाक रस्त्यावर टेकून न राहता सारखं उडत राहिलं की टायर असा झिजतो. म्हणजे डावीकडचा ‘धप्प’ शॉकअपचाच होता.

उजवीकडचं कोडं अण्णांनी सोडवलं. त्यांनी मला आत बसवलं, चाकाच्या वरच्या मोकळ्या जागेतून हात घालून स्प्रिंगच्या एका वेढ्यावर अलगद बोटं टेकली आणि म्हणाले, “सावकाश फिरव.” मी स्टिअरिंग फिरवत गेले. बाहेरून त्यांचा आवाज आला, “स्प्रिंग फिरत नाही गो, पिळली जातेय. आता सुटेल बघ.” आणि ‘टण्ण’.

या गाडीची पुढची रचना समजून घेतली की हे लगेच उलगडतं. हिला मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याने १९४० च्या दशकात ती विकसित केली. शॉकअप, त्याच्याभोवती स्प्रिंग आणि वर रबरी माउंटिंग असा एकच उभा खांब असतो. हा खांब धक्केही सोसतो आणि स्टिअरिंग फिरवलं की स्वतःभोवती फिरतोही. फिरायचं म्हणून स्प्रिंगच्या वरच्या बशीत एक चपटं बेअरिंग असतं. ते गंजून अडकलं की खांब फिरतो, स्प्रिंगचं वरचं टोक मात्र जागेवर राहतं. ताण साठत जातो आणि मग एकदम सुटतो. म्हणजे उजवीकडे दोष होता त्या बेअरिंगचा, आणि ते शॉकअपच्या मानाने किती स्वस्त!

अण्णांना स्ट्रटचं काम नवीन होतं. त्यांची सगळी उमेद पाट्यांच्या, म्हणजे एकावर एक रचलेल्या लोखंडी पट्ट्यांची स्प्रिंग असलेल्या, गाड्यांवर गेली. पाटा पाट्यावर घासतो ते घर्षणच थोडंफार शॉकअपचं काम करतं, हे त्यांनी मला लहानपणी लाल गाडीच्या खाली नेऊन दाखवलं होतं. गोल स्प्रिंगला असं घर्षण नसतं. ती घेतलेला धक्का जवळजवळ सगळाच्या सगळा परत देते, म्हणून तिच्या पोटात शॉकअप लागतोच. त्यातलं तेल बारीक भोकांतून आणि झडपांतून जबरदस्तीने ढकललं जातं, हालचालीची उष्णता होते आणि गाडी शांत होते. घाट उतरल्यावर शॉकअपला हात लावून पाहा, कोमट लागतो.

काम घरीच करायचं ठरलं तेव्हा एका ओळखीच्याने सुचवलं की नवे कशाला घेता, शॉकअप रिपेअर करून मिळतात. नळीला भोक पाडायचं, जुनं तेल काढून नवं भरायचं आणि भोकावर वेल्डिंग मारायचं. पैसे वाचतात हे खरं आहे, आणि हात घट्ट असताना लोक तो मार्ग घेतात त्याला मी नावं ठेवणार नाही. पण भोक पाडताना लोखंडाचा कीस आत पडतो, तोच पुढे झडपांमध्ये अडकतो. वेल्डिंगची आच तेल अडवणाऱ्या सीलला सोसत नाही. आणि ज्या दांड्याचा क्रोम सोलवटलाय तो नव्या तेलालाही तसाच बाहेर वाट करून देतो. तेल गेलं का, यापेक्षा ते का गेलं हे महत्त्वाचं. म्हणून दोन नवे शॉकअप, दोन माउंटिंग, दोन बेअरिंग, दोन बंप स्टॉप (शेवटचा दणका झेलणारे ठोकळे) आणि दोन धूळ-रबरं (दांड्यावर धूळ बसू न देणारी) असा संच घेतला. स्प्रिंगा जुन्याच ठेवायच्या होत्या. डावं-उजवं मात्र बघून घ्यावं लागतं, कारण ब्रेकच्या होजची (तेलाच्या रबरी नळीची) पट्टी ज्या त्या बाजूला असते. उजवीकडचा शॉकअप तसा बरा असूनही दोन्ही बदलले. एका चाकाचा शॉकअप नवा आणि दुसऱ्याचा थकलेला असेल तर जोरात ब्रेक मारल्यावर गाडी सरळ राहील याची खात्री नाही.

दिवाळी झाल्यावर, हवा कोरडी झाली तेव्हा काम काढलं. दोन दिवस आधीपासून संध्याकाळी खालच्या बोल्टांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवत होते.

या सगळ्या कामात एक गोष्ट जिवावरची आहे, ती आधी सांगते. माउंटिंगच्या मधोमध, बोनेट उघडल्यावर वरून दिसणारा नट स्प्रिंग दाबून धरल्याशिवाय सोडायचा नाही. कधीच नाही. या गाडीचं वजन साडेसहाशे किलोच्या आसपास, त्यातलं निम्म्याहून जास्त पुढच्या दोन चाकांवर. म्हणजे एकेक स्प्रिंग दीडशे किलोंहून जास्त भार पेलते. गाडीखालून काढल्यावरही ती दोन बशांच्या मध्ये दाबलेलीच असते, आणि तिला आवरून धरणारा तो एकच नट असतो. तो सुटला तर वरची बशी बंदुकीच्या गोळीसारखी उडते. गाडीतून पूर्ण खांब बाहेर काढताना फक्त कडेचे, बॉडीला धरणारे नट सोडायचे. मी त्या मधल्या नटावर लाल चिकटपट्टी लावून ठेवली, हात चुकून जाऊ नये म्हणून.

गाडी सपाट फरशीवर, हँडब्रेक ओढलेला, मागच्या दोन्ही चाकांना दगड. चाकाचे नट जमिनीवर असतानाच थोडे सैल केले. मग जॅक, आणि जॅकवर विसंबायचं नाही म्हणून दोन्ही बाजूंना घोड्या, म्हणजे गाडीखाली लावायचे लोखंडी आधार. एवढं झाल्यावरही अण्णांनी काढलेलं चाक गाडीच्या कडेखाली आडवं सरकवायला लावलं. “घोडी सरकली तर गाडी चाकावर बसेल, तुझ्यावर नाही.” त्यांच्या काळात वर्कशॉपमध्ये त्यांनी काय पाहिलं असेल ते त्यांनी सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

ब्रेकचा होज ज्या क्लिपने स्ट्रटला धरलेला असतो ती पक्कडीने ओढून काढली. खालच्या दोन बोल्टांभोवती आणि नटांभोवती पांढऱ्या रंगाने खुणा केल्या. भोकं आणि बोल्ट यांच्यात जी थोडी मोकळीक असते तेवढ्यानेही चाकाचा कल बदलतो, म्हणून होतं तिथेच परत बसवायचं. बोल्ट एका पान्याने धरला आणि नट फिरवला. पहिला सुटला. दुसरा हलेना. सॉकेटच्या दांड्याला पाण्याच्या नळाचा जुना पाइप घालून लांबी वाढवली, पाय रोवले, आणि एक कर्कश आवाज करत तो आला. बोल्ट बाहेर काढण्यापूर्वी चाकाचा गुडघा (चाक ज्यावर बसतं तो भाग) सुंभाने वरच्या आडव्या पट्टीला बांधून घेतला. तो बाहेर कलंडला तर ब्रेकचा होज ताणतो, आणि इंजिनाची ताकद पुढच्या चाकांना जात असल्यामुळे ड्राइव्हशाफ्टचा (ती ताकद चाकापर्यंत नेणाऱ्या दांड्याचा) आतला जॉइंटही ओढला जाऊ शकतो. मग एका हाताने खांब धरून वरचे नट काढले. खांब खाली आला.

खालच्या बशीत माती होती. बारीक, विटकरी, गाळलेल्या पिठासारखी, आणि तळाशी अजून ओलसर. एवढी माती तिथे कशी आली ते मला क्षणभर कळलं नाही. अण्णांनी चिमूट घेऊन बोटांत चोळली. “पुराची आहे,” म्हणाले.

२०२१ च्या जुलैमध्ये, २२ तारखेला, वाशिष्ठीचं पाणी चिपळुणात शिरलं तेव्हा आमची गाडी दारातच होती. आमची आळी थोडी उंचावर, तरी गाडीत सीटच्या गादीपर्यंत पाणी आलं होतं. इंजिनात गेलं नाही, ते नशीब. नंतर सगळी तेलं बदलली, सीटा आठवडाभर उन्हात ठेवल्या, दारांच्या आतली माती काढली. गाडी धुऊन पुसून स्वच्छ झाली असं आम्हाला वाटलं होतं. पण बशीतून पाणी जायची भोकं गाळाने बुजली होती, आणि तीन वर्षं दर पावसाळ्यात ती माती भिजत, स्प्रिंगचं टोक ओलं ठेवत तिथे बसून होती. रंग उडाला होता, वर गंजाचे पापुद्रे धरले होते. अण्णा बराच वेळ त्या मातीकडे बघत राहिले. मग त्यांनी ती जुन्या वर्तमानपत्रावर ओतून अंगणात पेरूच्या बुंध्याशी नेऊन टाकली.

स्प्रिंग कंप्रेसर भाड्याने आणला होता. दोन लांब आट्यांचे दांडे, दोन्ही टोकांना आकडे. आट्यांना ग्रीस लावलं, आकडे स्प्रिंगच्या वेढ्यांवर बरोबर समोरासमोर बसवले. एकीकडे दोन फेरे, मग दुसरीकडे दोन फेरे. घाई केली की स्प्रिंग एका अंगाला वाकते आणि आकडा घसरतो. हाताच्या पान्यानेच, मशीनने नाही, आणि स्प्रिंगच्या दोन्ही टोकांच्या सरळ रेषेत कुणी उभं राहायचं नाही. अण्णांना मी खुर्ची लांब घ्यायला सांगितली तेव्हा ते एका शब्दाने काही न बोलता उठले. स्प्रिंग दोन्ही बशांमध्ये हाताने हलायला लागली, तेव्हाच चिकटपट्टी काढून मधला नट सोडला.

मग एकेक भाग वर्तमानपत्रावर मांडला. डावीकडचं धूळ-रबर फाटलेलं. महामार्गाच्या चौपदरीकरणाची धूळ आम्ही परशुराम घाटात किती वर्षं खाल्ली! तीच धूळ इथे दांड्यावर बसली, क्रोमवर उभे ओरखडे पडले, ओरखड्यांनी सील कापलं, आणि तेल गेलं. बंप स्टॉप बोटांनी दाबला तर त्याचा चुरा झाला. शॉकअप उभा धरून दांडा दाबला तर अर्ध्या वाटेपर्यंत काही विरोधच नाही, मग कुठे तेल लागल्यासारखं जड झालं. शेकडो रुपयांचा भाग हजाराच्या भागाला घेऊन जातो तो असा. उजवीकडे अगदी उलट होतं. दांडा चकचकीत, शॉकअपमध्ये अजून जीव, पण वरचं रबरी झाकण कधीतरी हरवलेलं. इंजिन धुताना मारलेलं पाणी सरळ बेअरिंगमध्ये जात राहिलं होतं. ते दोन्ही हातांनी पिळूनही फिरेना.

पुढचा दिवस रंगाचा. स्प्रिंगा तारेच्या ब्रशने घासल्या, गंजाने खड्डे पडलेत का ते भिंगातून बघितलं. खोल खड्डा किंवा चीर दिसली असती तर त्या टाकूनच दिल्या असत्या. दोन्ही स्प्रिंगा फरशीवर शेजारी शेजारी उभ्या करून वर फूटपट्टी आडवी ठेवली. ती सपाट बसली, म्हणजे एकही बसलेली नव्हती. रेड ऑक्साइड, त्यावर काळा रंग. जोडणी दुसऱ्या दिवशी.

नवा शॉकअप खोक्यातून काढून लगेच बसवू नका. त्यात एकात एक अशा दोन नळ्या असतात. दुकानाच्या फळीवर आडवा पडून राहिला की आतल्या नळीत हवा शिरते, आणि मग सुरुवातीला तो पोकळ लागतो, आवाजही करतो. तो उभा धरून दांडा पूर्ण वर ओढायचा, पूर्ण दाबायचा. तिसऱ्या-चौथ्या वेळेपर्यंत मध्येच हात घसरल्यासारखा व्हायचा, सहाव्या वेळी वरपासून खालपर्यंत सारखाच जड झाला. अण्णांना तो हातात दिला. त्यांनी तो दोनदा चालवला आणि मान हलवली.

जोडणीत माझी चूक झाली. बंप स्टॉप, धूळ-रबर, स्प्रिंग, वरची बशी, बेअरिंग, माउंटिंग, नट असं सगळं क्रमाने लावलं, कंप्रेसर सोडवला, आणि तेव्हा दिसलं की स्प्रिंगचं खालचं टोक बशीतल्या पायरीला टेकलेलं नाही, दोन बोटं अलीकडे राहिलंय. तसंच बसवलं असतं तर पहिल्या खड्ड्यात स्प्रिंग सरकून जागेवर गेली असती, आणि मी पुन्हा महिनाभर नवा आवाज शोधत बसले असते. सगळं पुन्हा दाबलं, पुन्हा खोललं. पहिल्या खांबाला सकाळपासून दुपारच्या जेवणापर्यंत वेळ लागला. दुसऱ्याला पाऊण तास पुरला, कारण यावेळी टोक पायरीला टेकवून तिथे रंगाची खूण करूनच कंप्रेसर सैल केला. वरचा नट आवळताना दांडा सोबत फिरतो, तो ॲलन कीने धरून ठेवावा लागतो. दांड्याला पक्कड मात्र लावायची नाही. पक्कडीचा एक ओरखडा पुरतो, सील कापायला.

गाडीत परत बसवताना वरचे नट आधी हाताने, मग खालचे बोल्ट. अण्णांचा नियम असा की कुठलाही नट पहिले चार आटे हातानेच गेला पाहिजे, पाना नंतर. एक नट दुसऱ्याच आट्याला अडला, तो काढून तारेच्या ब्रशने आटे साफ केले आणि मग तो गेला. पांढऱ्या खुणा जुळवल्या, पुस्तकातल्या आकड्याप्रमाणे टॉर्क पान्याने आवळलं, ब्रेकचा होज पट्टीत घालून क्लिप ठोकली आणि स्टिअरिंग दोन्ही टोकांपर्यंत फिरवून तो कुठे ताणत तर नाही ना ते बघितलं. चाकं लावली, गाडी जमिनीवर आली, चाकांचे नट आवळले. शेवटी प्रत्येक बोल्टच्या नटापासून धातूपर्यंत पिवळ्या रंगाची एकेक आडवी रेघ ओढली. नट सैल झाला तर रेघ तुटलेली दिसते. हीही अण्णांचीच रीत, एसटीतली.

अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी केलं. खुणा जुळवूनही टो (पुढची चाकं आत-बाहेर किती वळलेली आहेत तो कोन) थोडा फिरला होता, तेव्हा ते टाळू नये.

कराडला मात्र आठवडाभराने गेलो. अण्णा शेजारी बसले होते. आळीच्या वळणावर मी मुद्दाम काच खाली केली आणि स्टिअरिंग पूर्ण कापलं. काही नाही, फक्त टायरखालची खडी. गाव सोडल्यावरच्या स्पीडब्रेकरवर गाडी एकदाच वर गेली आणि एकदाच खाली आली. डावा टायर लाटालाटांनी झिजलेलाच असल्यामुळे त्याची घरघर अजून आहे, ती टायर बदलेपर्यंत राहणार. घाटमाथ्यावर कोयनेची गार हवा लागली तेव्हा अण्णांनी गाडी बाजूला घ्यायला सांगितली. मी टॉर्च घेऊन दोन्ही चाकांमागे वाकून पाहिलं. डावीकडच्या रेघा अखंड होत्या.

“उजवीकडच्या?”

“त्याही.”

“मग चल,” ते म्हणाले आणि त्यांनी सीटबेल्ट पुन्हा लावला.